उतरताना थांबून दाखवा

काल दुपारी मंदावहिनी दुकानात आली आणि तिनं काउंटरवर वालाच्या शेंगांची पिशवी धपकन ठेवली. दुपारच्या वेळी औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक फारसं नसतं. जे येतात ते पंख्याखाली बसायला येतात. मंदावहिनी मात्र बसत नाही. ती माझी चुलत जाऊ, लोधिवलीची, वयानं माझ्यापेक्षा मोठी, आणि तिचं सगळं बोलणं उभ्याउभ्या होतं.

"शेंगा भरल्या बघ," ती म्हणाली. "पोपटी कधी लावायची ते बोल गं शुभा. नंतर म्हनू नको, वैनीनं बोलावलं नाय."

पिशवीच्या तोंडाशी भांबुर्ड्याचा हिरवा जुडा खोचलेला होता. भांबुर्डा आमच्याकडे बांधावर, रस्त्याच्या कडेला, कुणी न लावता उगवतो. एरवी त्याच्याकडे गुरंसुद्धा बघत नाहीत. पण थंडी पडली आणि भातानंतर पेरलेला वाल दाण्यावर आला की या पाल्याला भाव येतो, कारण त्याच्याशिवाय पोपटी, म्हणजे शेतात मडक्यात भाजलेल्या शेंगा, होत नाही. पुण्याची माझी एक मैत्रीण पहिल्यांदा विचारत होती, "पोपट भाजता की काय गं तुम्ही?" तिला काय सांगणार. तिला आणून खायलाच घातली.

तो उग्र, ओव्याच्या जवळ जाणारा वास नाकात शिरला की मला आधी तोंडाला पाणी सुटतं आणि लगेच माझे पाय आठवतात. वर, छताकडे गेलेले माझे स्वतःचे दोन पाय. वालाच्या शेंगांवरून कुणाला पाय आठवत असतील असं मला वाटत नाही, म्हणून हे जरा सविस्तर सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात मला डोकं खाली घालता येत नव्हतं. मान खाली घालणं वेगळं, ते मला जन्मात जमलेलं नाही. मी डोक्याबद्दल बोलतेय. त्याआधीच्या पावसाळ्यात वरच्या फळीवरचा एक खोका काढायला म्हणून मी स्टुलावर चढले, खाली बघितलं आणि सगळं दुकान माझ्याभोवती फिरलं. खोकल्याच्या बाटल्या, टॉनिकं, काउंटरवरचा वजनकाटा, सगळं एका दिशेनं पळायला लागलं. मी पडले ती थेट डायपरच्या गठ्ठ्यावर, म्हणून हाडं वाचली. कानाच्या डॉक्टरांनी माझं डोकं इकडून तिकडे वळवून कानातला दोष बरा केला. नंतर पुन्हा तपासलं तेव्हा म्हणाले, "कान ठणठणीत आहे. आता जे उरलंय ती भीती आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे गोळी नाही."

माझ्याकडेही नव्हती, आणि माझं तर दुकानच औषधाचं.

मग मी जगायला लागले ती बरणीतलं लोणचं हिंदकळू नये तशी. दोन उशा घेऊन झोपायचं. केस उभ्यानं धुवायचे. देवाला लांबून हात जोडायचे. गोळ्यांची पट्टी खाली पडली तर पायानं पुढे सरकवायची आणि कुणी आलं की उचलून मागायची. दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीकडे मी बघणंच सोडून दिलं. तिथं काय आहे हे हळूहळू विसरले. खोपोलीच्या कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले आमचे हे रोज दुकानात खुर्ची टाकून बसायला लागले. कशासाठी, तर लक्ष ठेवायला. मी जरा पुढे झुकले की खुर्चीतून आवाज, "हां, हां, हां." आपल्या वासराला लोक असंच हाकतात.

आणि एक दिवस त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं. "पाडव्यापासून दुकान कुणाला तरी चालवायला देऊ. तू आता आराम कर."

शिक्षण माझं, परवाना माझ्या नावावर, दुकान उभं केलं मी. बाजारात लोक 'शुभावैनींचं मेडिकल' म्हणतात, दुकानाची पाटी कुणी वाचतसुद्धा नाही. आराम हा शब्द तोपर्यंत मला गोड वाटायचा. त्या दिवशी तो शिवी दिल्यासारखा लागला. पण भांडायला तोंड कुठं होतं? वाकून बोळा उचलता येत नाही त्या बाईनं दुकानावर हक्क सांगायचा कसा? "पाडव्याला बघू," एवढंच म्हणाले आणि भाताचा पुढचा घास घेतला. पाडवा तेव्हा चार-पाच महिन्यांवर होता.

योगासनं मला नवी नव्हती. तिशीत मी अष्टांग शिकले होते. श्वासाला जोडून एकामागून एक आसनं, मधे थांबायचं नाही, क्रम ठरलेला, घाम सतरंजीवर टपटप पडतो ते वालं. आमच्याकडे फार्महाऊसं उगवायला लागली त्या काळात मुंबईहून एक बाई शिकवायला यायच्या. त्या यायच्या थांबल्या तसं माझंही हळूहळू सुटलं. मग मोबाईल भिंतीला टेकवून बघितला. त्यातली मुलगी समुद्रावर उभी राहून 'छान, फारच छान' म्हणायची. मी पाय वर करते आहे की कपड्यांच्या घड्या, तिला काय दिसतंय? एका महागड्या जागी तर काशाच्या वाट्या वाजवून आम्हाला झोपवलं. झोप मला घरीही येते. उत्साह म्हणून जो काही असतो तो असाच झिरपत गेला आणि चक्कर आली तेव्हा त्याचा तळ दिसत होता.

मंदावहिनीचे गुडघे म्हणजे माझ्या दुकानाचं खात्रीचं गिऱ्हाईक. पंधरा दिवसांनी एक मलम, हे ठरलेलं. त्या कार्तिकात ती आलीच नाही. आली तेव्हा मलम न घेता साधा बाम मागितला, तोही सुनेसाठी. मी विचारलं, "गुडघे कुठं ठेवून आलात?"

"मी योगा करते," ती म्हणाली. "नसीमकडं. कर्जतलाच हाय, तुला ठाव नाय? वखारीवर."

भाताच्या चिखलात जन्म काढलेली, नऊवारीचा काष्टा मारणारी ही बाई योगा करते, तीही मुलाच्या टेंपोतून पहाटे कर्जत गाठून, आणि मी गावात राहून मला पत्ता नाही. मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले.

स्टेशनाजवळ नसीमच्या सासऱ्यांची लाकडाची वखार होती. वखारीवर एक लांबोडा हॉल. खाली करवत अजून सुरू झालेली नसायची, पण सागाच्या भुशाचा वास लाकडी जिन्यावरूनच सोबतीला यायचा. खिडकीतून रेल्वे यार्डाचा कोपरा दिसायचा. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला मागून ढकलणारं इंजिन इथं लागतं. ते लागताना होणारा धक्का आमच्या जमिनीपर्यंत पोचायचा. नसीम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, उंच, डोक्याला रुमाल बांधलेली, बोलायला कंजूष. म्हैसूरला राहून शिकून आलेली. तिच्या हॉलमध्ये ना संगीत ना उदबत्ती. जो तो आपापल्या मॅटवर आपापल्या क्रमानं करतोय आणि ती मधून अनवाणी फिरतेय.

मी तिला माझा इतिहास ऐकवला. थोडा फुगवून ऐकवला. "मला शीर्षासन यायचं," मी म्हणाले. "पाच-पाच मिनिटं उभी राहायची मी."

"खाली कशा यायच्या, वैनी?" तिनं विचारलं.

"खाली काय यायचं? पाय सोडायचे. येतात आपोआप."

ती हसली नाही, मान हलवली नाही. "बरं," म्हणाली. "वरचं सध्या सोडा."

मग तिनं कोपऱ्यातून लाकडाचे ठोकळे आणले, वखारीतलेच, सागाचे, रंधून गुळगुळीत केलेले. मॅटच्या टोकाशी त्यांच्या दोन चळती रचल्या, जवळजवळ माझ्या कमरेएवढ्या. "हात यावर ठेवायचे. डोकं हाताच्या खाली जाऊ द्यायचं नाही. श्वास घ्या, श्वास सोडा." झालं. पहिल्या दिवशीचं सगळं अष्टांग एवढंच. मी मनात म्हटलं, यासाठी मी पहाटे उठले?

पण मी दुसऱ्या दिवशीही गेले. का गेले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला 'जपून' म्हटलं नव्हतं. तिनं मला काम दिलं होतं.

चळत रोज तशीच दिसायची. दहाएक दिवसांनी मला शंका आली. आपले गुडघे आता जास्त का वाकतायत? बघते तर दोन्ही बाजूंचे एकेक-दोनदोन ठोकळे गायब.

"नसीम मॅडम, ठोकळे कमी झालेत."

"असं?" ती म्हणाली. "खाली वखारीत लागले असतील."

यानंतर खाली वखारीत लाकूड फारच लागायला लागलं. दर चार-आठ दिवसांनी एखादा ठोकळा जायचा आणि मी रोज डोळ्यांच्या कोपऱ्यातून मोजायची, पण बोलायची नाही. ती पण बोलायची नाही. माझं डोकं असं बोटबोटभर खाली चाललं होतं आणि दोघी मिळून ते मला कळू देत नव्हतो. चांगला मास्तर कुणाला म्हणावं यावर लोक तासतास बोलतात. मला विचाराल तर जो तुमच्या भीतीशी तोंडानं वाद घालत बसत नाही, तो.

कौतुक मात्र ती अजिबात करायची नाही. तिचा एक 'हं' होता. आसन जमलं की 'हं', बिघडलं की जरा लांब 'हंऽ'. पाठीवर एक बोट टेकवायची, नेमकं मी जिथं श्वास अडवून धरलेला असे तिथं. बोट उचललं की कळायचं, श्वास सुटला. त्या छोट्या 'हं'साठी मी काय काय केलं असतं हे आठवून मला आता हसू येतं. पन्नाशी उलटलेली बाई घरी येऊन नवऱ्याला सांगते, "आज दोन वेळा हं म्हणाली." नवऱ्यानं पेपर खाली करून बघितलं, पुन्हा वर केला.

आठवड्यातून एक दिवस ती सगळ्यांना एकत्र करवायची आणि संस्कृतात मोठ्यानं मोजायची. एकम्, द्वे, त्रीणि, चत्वारि, पञ्च. मग षट् आलं की हात-पाय जमिनीवर, कंबर वर, डोकं खाली, आणि तिथंच पाच श्वास. एकदा माझ्या शेजारच्या मॅटवरून मंदावहिनी पुटपुटताना मी ऐकलं, "शेत आलं."

नंतर जिना उतरताना मी विचारलं, "वैनी, शेत काय आलं?"

"अगं ती सांगते ना, पाच झालं की शेत. शेत म्हटलं की वाकायचं."

"शेत नाही हो. षट्. म्हणजे सहा."

ती जिन्यात थांबली. "सहा कशाला? सहाला असं कोन वाकतं? शेतात वाकतात. आवणीला आमी असंच उभं रहातो, दिवस दिवस. मला तर बाई ते एकच वळखीचं वाटतं सगळ्यांत."

भाताची रोपं लावताना बायका चिखलात अशाच ओणव्या उभ्या असतात हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि मला ते सुचलं नव्हतं. मी हे नसीमला सांगितलं. मला वाटलं ती चूक सुधारेल. पुढच्या आठवड्यात मोजताना ती पञ्चनंतर जरा थांबली आणि स्पष्ट म्हणाली, "शेत." सगळा हॉल हसला. मंदावहिनीला कळलंच नाही लोक का हसतायत, तिच्या मते आज मॅडम शुद्ध बोलल्या होत्या. त्या आसनाचं खरं नाव कुत्र्यावरून आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "कुत्र्यापेक्षा शेत बरं."

त्या दिवसापासून माझंही ते शेतच झालं. आणि शेतात वाकायला भ्यायचं कशाला, असं काहीतरी माझ्या डोक्यानं आपलं आपण ठरवलं असावं. एक सकाळ अशी आली की ठोकळे नव्हतेच. तळवे मॅटवर, डोकं दोन दंडांच्या मधे लोंबतंय, उलट्या खिडकीत उलटं यार्ड. काही फिरलं नाही. लाकडाच्या भुशाचा वास आला आणि मी पाच श्वास तिथं राहिले.

शीर्षासनाला हात लावायला मात्र तिनं तरीही परवानगी दिली नाही. तिच्या पद्धतीत पुढचं आसन मागून मिळत नाही, ती देईल तेव्हा मिळतं. मी रोज शेवटी आशेनं बघायची आणि ती शेजारच्या मॅटकडे वळायची. तेव्हाच कधीतरी तिनं मला आणि मंदावहिनीला तिच्या वडिलांबद्दल सांगितलं. ते रेल्वेत गार्ड होते, सगळी नोकरी घाटात गेली. मुंबईकडे उतरणारी गाडी ठाकुरवाडीसारख्या ठिकाणी घाटात थांबते, प्रवाशांना वाटतं सिग्नल नाही. खरं म्हणजे तिचे ब्रेक तपासायला थांबवतात. तोपर्यंत तिच्यापुढचा रूळ डोंगराकडे चढणाऱ्या एका फाट्यावर लावून ठेवलेला असतो. गाडी ताब्यात असेल तर ती थांबते, आणि थांबली की मगच खाली जाणारा रूळ जोडतात. सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप दमते.

"अब्बा म्हणायचे, चढताना मागून ढकलायला इंजिन देता येतं," नसीम म्हणाली. "उतरताना तुम्हाला कुणी मदत करत नाही. म्हणून उतरताना थांबून दाखवायचं."

मी ऐकून घेतलं. छान आहे म्हटलं. आपल्याला सांगतेय हे त्या दिवशी डोक्यात शिरलं नाही.

पौष संपता संपता मंदावहिनीच्या शेतात पोपटी लावली. वर्गातल्या आम्ही चौघी-पाचजणी, नसीम, आणि आमचे हे. संध्याकाळ होत होती, वालाच्या वेलांवर दव धरायला लागलं होतं. मंदावहिनीनं मडक्याच्या तळाशी भांबुर्डा अंथरला. वर शेंगा, खडेमीठ, ओवा, बटाटे, अंडी. चिकन नसीमनं घरून मसाला लावून आणलं होतं, ते पानांत गुंडाळून मधोमध गेलं. पुन्हा शेंगा. मग मडक्याच्या तोंडात पाला दाबून दाबून कोंबला, मुठीनं, आणि मडकं उचलून सरळ पालथं घातलं. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या. जाळ लावला.

हे जाळाकडे बघत नसीमला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच हिला समजवा. या वयात उलटंपालटं कशाला करायचं? पाडव्यापासून दुकानही देतोय आम्ही चालवायला."

आम्ही. मंदावहिनी काठीनं निखारे सारत होती, ती न बघताच म्हणाली, "भावजी, ह्या मडक्याला विचारा, चक्कर येते का. गच्च भरलंय म्हनून पालथं घातलंय. अर्धं असतं तर सगळं सांडलं असतं."

लोक हसले, हेही हसले. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे शिजलं. मडकं चादरीवर मोकळं केलं आणि वाफेसकट तो वास सगळ्या शेतावर पसरला. आम्ही भोवती बसलो. मी सोललेली एक शेंग माझ्या हातून निसटून मातीत पडली. मी वाकणार तेवढ्यात यांनी पटकन वाकून ती उचलली, फुंकली आणि माझ्या हातात ठेवली. प्रेमानंच. मला रडू आलं. धूर डोळ्यात गेला म्हणाले, आणि ती शेंग खाल्ली. तिची चव अजून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी हॉलवर गेल्या गेल्या मी नसीमला म्हटलं, "मला पाडव्याच्या आत वर जायचंय."

ती मॅट झटकत होती. "पाडव्याला गुढी वर जाते," ती म्हणाली. "तुम्हाला खाली यायचंय."

पण त्या दिवशी तिनं मला शीर्षासन दिलं. म्हणजे त्याची सुरुवात दिली. कोपरं जमिनीवर, बोटांची गुंफण, त्यात डोकं, पाय चालत जवळ आणायचे आणि थांबायचं. दिवसचे दिवस एवढंच. मग एक पाय हलका. मग दोन्ही. ती माझ्यामागे उभी राहायची, तिची मांडी माझ्या पाठीला लागायची, यार्डातल्या मागच्या इंजिनासारखी. मी वर गेले त्या सकाळी मला इतका आनंद झाला की मी उलटीच हसायला लागले आणि लगेच धपकन खाली आले. गुडघा आपटला. वर 'हंऽ' ऐकू आलं, लांब वालं.

यानंतर ती हट्टालाच पेटली. वर जाणं तिला बघायचंच नव्हतं. उतरताना निम्म्यात, पाय जमिनीला समांतर असताना, ती म्हणायची, "थांबा." आणि मी थांबू शकायची नाही. पोटात पकड नसे, पाय सुटायचे, मी येऊन पडायची. तिशीत पाच-पाच मिनिटं उभी राहिलेली मी, एकदाही उतरले नव्हते, रोज पडतच आले होते, फक्त ते ऐटीत पडणं होतं. हे कळलं तेव्हा मला राग यायला हवा होता. उलट अंगात वारं भरलं. शिकायला अजून काहीतरी शिल्लक आहे हे कळण्यासारखं सुख नाही. दुकानात बसल्या बसल्या मी पोट आत ओढून धरायची. गिऱ्हाईकांना वाटायचं मला ॲसिडिटी आहे.

फाल्गुन लागला. हवेतली थंडी गेली, वालाचे वेल वाळले, शेतांत दाणे झोडायला सुरुवात झाली. पाडवा आठवड्यावर आला. यांनी एका माणसाला दुकान दाखवून आणलं होतं. तो माझ्या खुर्चीत बसून बघत होता.

त्या सकाळी मी वर गेले. नसीमची मांडी पाठीला लागली आणि मला स्थिर वाटलं. श्वास मोजले. उलट्या खिडकीतून ऊन आत येत होतं. मग पाय खाली आणायला लागले. निम्म्यात आले तेव्हा आवाज आला, "थांबा."

मी थांबले. पोट थरथरत होतं, घाम डोळ्यांच्या ऐवजी केसांत चालला होता, पण पाय होते तिथंच राहिले. एक श्वास. दुसरा. पाडवा, तो खुर्चीतला माणूस, ती मातीतली शेंग, सगळं त्या दोन पायांवर येऊन बसलं होतं आणि पाय हलत नव्हते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की 'थांबा' हा आवाज मागून आला नव्हता. तो हॉलच्या दुसऱ्या टोकाहून आला होता. डोळे फिरवले. नसीम पार दाराजवळ, मंदावहिनीच्या मॅटपाशी उभी होती. माझ्या पाठीला लागलेली ती मांडी नव्हती. वर जाताना लागली होती ती उरलेल्या ठोकळ्यांची चळत, आणि आता तीही वीतभर लांब होती, मी तिला टेकलेलेच नव्हते.

"ब्रेक लागतात तुमचे," नसीम तिथूनच म्हणाली. "रूळ जोडलाय. या."

मी उतरले. पावलांचा आवाजसुद्धा झाला नाही. कपाळ मॅटला टेकवून बसले तेव्हा मात्र मी रडले, आणि यावेळी धूर नव्हता. मंदावहिनी आपलं शेत अर्धवट सोडून आली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "झालं ना? मग रडते कशाला येड्यासारखी." नसीम 'हं' म्हणाली. छोटा.

घरी न जाता मी थेट दुकानात गेले. शटर उघडलं, जमिनीवर बसले आणि सगळ्यात खालची फळी रिकामी केली. मुदत संपून गेलेल्या बाटल्या, झुरळांची अंडी, माझी हरवलेली एक चप्पल. तासाभरानं हे आले. मी फळीत डोकं घालून फडकं मारत होते. ते खुर्चीपाशी उभे राहिले. 'हां, हां' आलं नाही.

"काय शोधतेस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. जागा करतेय."

त्या माणसाला त्यांनीच फोन केला. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. यांची खुर्ची आता घरी गॅलरीत असते आणि तिच्यात बसून ते रस्त्यावर लक्ष ठेवतात.

नसीमकडे मी अजून जाते. वखार बंद झाली, खाली आता फरशांचं दुकान आहे, सागाच्या वासाऐवजी सिमेंटचा येतो. तिनं पुढची आसनं दिली, काही परत काढून घेतली, काही आता या जन्मात मिळतील असं दिसत नाही. मी मागत नाही. रोज शेत येतं, रोज निम्म्यात थांबते.

काल मंदावहिनी शेंगा ठेवून निघाली तेवढ्यात एक मुलगी आली. पाटीवरचं नाव वाचायच्या भानगडीत न पडता म्हणाली, "शुभावैनी, आईसाठी कंबरदुखीचं मलम द्या." हे मलम आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतं. कुठल्याही शहाण्या दुकानदाराच्या हाताशी असतं. माझ्याकडे ते त्या दिवसापासून सगळ्यात खालच्या फळीवर आहे. हे त्यावरून अजून बडबडतात.

मी वाकले, निम्म्यात थांबले, एक श्वास घेतला.

"काय झालं, वैनी?" मुलगी घाबरून म्हणाली. "मी उचलू का?"

"तिला काय नाय झालं," मंदावहिनी दारातून म्हणाली. "ठाकुरवाडी आली."

मग मी खाली गेले आणि मलम काढून दिलं.